वाघाचा वाटा

निवृत्त झालो त्या दिवशी निरोपाच्या कार्यक्रमात ऑफिसातल्या एका मुलीनं विचारलं, "काका, तुम्हाला लहानपणापासून प्राण्यांची आवड होती का?" गळ्यात हार, हातात नारळ, समोर फोटोवाला डोळा लावून उभा. मी 'हो' म्हणून टाकलं. अशा वेळी माणूस हो म्हणतो आणि मोकळा होतो. खरं सांगायचं तर मला आवड नव्हती, मला सुटका हवी होती. आवड नंतर लागली, चहाची लागते तशी, रोज पिऊन पिऊन.

आमचं घर मुलाण्याचं. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, ताम्हिणीच्या अलीकडं गाव आणि गावात मुसलमानांची दोनच घरं, एक आमचं आणि दुसरं चुलत्यांचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात कुणाच्या घरी बकरं पडायचं तर मुलाणी लागतो. घर मराठ्याचं असो नाही तर आणखी कुणाचं, नवस असो की जावई आलेला असो, मुलाण्यानं 'बिसमिल्ला' म्हणून सुरी फिरवायची, मगच ते मटण चुलीवर चढायचं. मुलाण्याचा हात लागला नाही असं कळलं तर जुनी माणसं ताटावरून उठायची. त्याबदली मुंडी आणि मटणाचा एक वाटा मुलाण्याचा. हा वाटा म्हणजे नुसतं कालवण नव्हे. तो गावानं दिलेला मान असतो. वाटा ज्याच्या हातात, तो गावचा मुलाणी.

हे पणजोबांपासून चालत आलेलं. अब्बांना तीन मुली झाल्या आणि शेवटी मी. त्यामुळं सुरी कुणाकडं जाणार हा प्रश्न कधी निघालाच नाही. माझं बारसं झालं त्या दिवशीच ते ठरलेलं होतं म्हणा ना. मी मात्र जिवंत बकऱ्याच्या मानेजवळ जायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढून सटकायचो. मटण खायला मी पुढं. सोलायला, तुकडे करायला, खिमा करायलाही पुढं. एकदा जीव गेला की माझं काही अडत नव्हतं. जीव जातो तेवढा घोट मला गिळता येत नव्हता. हे अब्बांना सांगायची सोय नव्हती. अब्बा तसे मारकुटे नव्हते, पण त्यांच्यासमोर असलं काही बोलायचं म्हणजे सुताराच्या पोरानं लाकडाची दया येते म्हणण्यासारखं होतं.

अठरा-एकोणीस वर्षांचा असेन. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. म्हसोबाच्या जत्रेत पहिलं बकरं त्या वर्षी मी कापायचं असं अब्बांनी गावाला सांगून टाकलं. आमच्याकडं रीत अशी की बकऱ्याला देवापुढं उभं करतात, हळद-कुंकू लावतात आणि पाठीवर पाणी शिंपडतात. बकऱ्यानं अंग झाडलं, थरथरलं, की देवानं मानलं. तोवर सुरी लावायची नाही. कधी लगेच थरथरतं, कधी अर्धा तास सगळं गाव बकऱ्याच्या तोंडाकडं बघत उभं.

त्या दिवशीचं बकरं मोठं शांत निघालं. पाणी शिंपडलं, काही नाही. पुन्हा शिंपडलं, तरी ते आपलं रवंथ करतंय. मी सुरी धरून शेजारी उभा, आणि मनात एकच, याला थरथरायची बुद्धी होऊ नये. आणि मग माझेच गुडघे हलायला लागले. गुडघ्यातून ते वर चढलं, हातापर्यंत आलं, आणि उन्हात सुरीचं पातं लकलक करायला लागलं. ते सगळ्यांना दिसलं. घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "आरं, देवानं औंदा मुलाणीच मागितला म्हना की."

जत्रा हसली. पाटील हसले, बायका पदरात तोंड घालून हसल्या, ढोलवाल्याचा ताल चुकला. अब्बांनी माझ्या हातातून सुरी घेतली, मला कोपरानं बाजूला सारलं आणि पुढचं सगळं काम स्वतः केलं. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. घरी येईपर्यंत माझं नाव 'थरथऱ्या' पडलं होतं. आमच्या गावात नाव ठेवायला वेळ लागत नाही.

पुढचे दोन-तीन महिने वाईट गेले. अब्बा माझ्याशी कामापुरतं बोलायचे. पुढच्या जत्रेत काय, हा प्रश्न घरात कुणी तोंडानं विचारत नव्हतं, पण जेवताना तो मधोमध ठेवलेला असायचा. मी नोकरीच्या मागं लागलो. उरवड्याकडं तेव्हा एक-दोन कारखाने उभे राहत होते, तिथं गेलो तर गेटवरचा माणूस म्हणाला दिवाळीनंतर ये. पुण्याला मेव्हण्यांच्या सायकलच्या दुकानात आठ दिवस पंक्चरं काढली. मेव्हण्यांनीच हात जोडले. घरी परतलो तेव्हा भाताची लावणी चालू होती, आणि बांधावरून हाक आली, "थरथऱ्या आला रं."

असाच एक दिवस फॉरेस्टचा गार्ड अब्बांकडं आला. ताम्हिणीच्या बाजूला कुणीतरी रानडुकरासाठी तारेचा फास लावला होता, त्यात वाघ अडकला होता. वाघ म्हणजे बिबट्या. आमच्याकडं पट्ट्याचा वाघ बघितलेलं माणूस नव्हतं, पण बिबट्याला बिबट्या म्हणणारंही नव्हतं. तारेनं पुढचा पाय पार कापत नेला होता. पुण्याहून जनावरांचे डॉक्टर येऊन त्याला सोडवून गेले होते आणि ओढ्यापलीकडच्या फॉरेस्टच्या डेपोत, लाकडं ठेवायच्या छपरीखाली, पिंजऱ्यात ठेवलं होतं. मोठ्या जनावराचं मांस पुण्याहून जीपनं यायचं. पण ते हाडापासून सोडवून बारीक करायचं, आत औषधाची पूड भरायची, हे करायला गार्डकडं माणूस नव्हता. मजूर वाघाजवळ यायला तयार नव्हते, आणि जे तयार होते त्यांना मांस कापायची सवय नव्हती.

अब्बांनी माझ्याकडं बघितलं. "मेलेलं तरी कापशील?" त्यांनी विचारलं. मला ते लागलं. पण लागलं त्याहून जास्त बरं वाटलं, हेही खरं. मी चपला घातल्या आणि गार्डच्या मागोमाग निघालो.

वाघ मी पहिल्यांदा बघितला तो कोपऱ्यात, गजांना पाठ लावून, पाय उराशी घेऊन बसलेला. बघितल्याबरोबर त्यानं जे काही केलं त्याला गुरगुरणं म्हणतात, पण मला ते पायाखालच्या जमिनीतून आल्यासारखं वाटलं. आणि गंमत अशी की माझे गुडघे हलले नाहीत. मी स्वतःच खाली बघून खात्री करून घेतली. त्याला माझं काही करायचं असतं तर ते त्यानं करायचं होतं, मला त्याचं काही करायचं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीनं माझा जीव हलका झाला.

पहिले दोन दिवस त्यानं मांसाला तोंड लावलं नाही. दिवसभर कुणी ना कुणी बघायला यायचं. शाळा सुटली की पोरं, शेतावरून बायका, ताम्हिणीला जाणाऱ्या ट्रकचे ड्रायव्हर. सगळे पिंजऱ्यापुढं उभे राहून त्याच्या तोंडाकडं बघत, की आता खाईल, आता खाईल. मला ते बघवेना. ते सगळे बघणारे डोळे माझ्या ओळखीचे होते. मी गार्डला सांगून लोकांना कुंपणाबाहेर काढलं, मांस आत सरकवलं आणि पिंजऱ्याकडं पाठ करून पाटावर बसलो. बराच वेळ काही नाही. मग मागं पंजा ओढत चालल्याचा आवाज आला, आणि मग चावल्याचा. मी वळलो नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते मात्र मला आवरलं नाही. पुढच्या खेपेला डॉक्टर आले तेव्हा गार्डनं त्यांना हे सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बरं आहे, मग तसंच बसत जा," आणि जखम बघायला गेले.

तेव्हापासून ते माझं काम झालं. सकाळी मांस सोडवायचं, औषध भरायचं, छपरी धुवायची आणि पाठ करून बसायचं. रोजंदारीवर होतो. डॉक्टर आठवड्याला येत, आणि दर वेळी एकच गोष्ट बजावत, की जखम चिघळली आहे, औषध एक दिवसही चुकता कामा नये आणि औषध पोटात जायला मांसाशिवाय दुसरी वाट नाही.

आणि मग श्रावण आला. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. खाली रस्त्यावर दरड आली, पुण्याची जीप बंद, एसटी बंद. डेपोत होतं ते मांस संपलं. एरवी मी कुणाच्याही दारात जाऊन एखादी कोंबडी मागितली असती. पण श्रावणात आमच्या गावात सुरी चालत नाही. कोंबडीसुद्धा नाही. आम्ही मुसलमान, आम्हाला श्रावण नव्हता, पण मुलाण्याच्या घरातही महिनाभर मटण शिजायचं नाही. सगळं गाव वरण-भातावर आणि आपल्या घरातून मसाल्याचा वास, हे शोभत नाही असं अब्बा म्हणायचे. श्रावणात ते सुरीला तेल लावून फडक्यात गुंडाळायचे आणि फळीवर ठेवून द्यायचे.

एक दिवस वाघ उपाशी राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही, नुसता डोळे उघडून पडला होता. पायाला वास यायला लागला होता. मी भिजत घरी गेलो आणि दारातच अब्बांना सांगितलं, की बकरं पाहिजे, आजच, नाही तर तो जातो.

घरात अम्मानं पाळलेला एक बोकड होता. अम्मा गोठ्यात गेली, दावं सोडलं आणि दोरी माझ्या हातात दिली. मला वाटलं, झालं काम. पण अब्बा इरलं डोक्यावर घेऊन बाहेर पडले. "इचारल्याबिगर श्रावणात सुरी काढायची न्हाई," ते म्हणाले. मी मागोमाग गेलो. मनात मी अब्बांवर चिडलो होतो, पाटलांवर चिडलो होतो, श्रावणावरही चिडलो होतो.

पाटील ओटीवर बसले होते. सोमवार होता, त्यांचा उपास. अब्बांनी सगळं सांगितलं. पाटलांनी तंबाखू मळली, वरचा चुना झटकला. माझा जीव टांगणीला. शेवटी म्हणाले, "वाघाला कोन सांगनार, बाबा, श्रावण हाय म्हनून? पर गावठाणात नगं. वढ्याच्या पल्याड न्या." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आन् कापनार कोन? ह्यो?"

अब्बा म्हणाले, "व्हय. त्याचाच वाघ हाय."

ओढ्याला पाणी होतं. बोकड खांद्यावर घेऊन मी पलीकडं गेलो. डेपोच्या मागं कारवीच्या आडोशाला अब्बांनी बोकडाला पाणी पाजलं, फडकं सोडलं आणि सुरी माझ्यापुढं धरली. इथं म्हसोबा नव्हता, ढोल नव्हता, हसायला कुणी नव्हतं. गार्ड तेवढा होता, आणि तो तोंड फिरवून उभा होता. मला वाटलं, हेच असावं. आपल्या नशिबी सुरी आहे आणि ती अशी वळसा घालून आली. एकाला जगवायचं तर दुसऱ्यावर चालवायची, यात अवघड काय आहे, असं मी स्वतःला सांगितलं. गुडघा टेकला. अब्बांनी बोकड आडवा धरला. मी बिसमिल्ला म्हणालो. हात थरथरला नाही. खरंच नाही.

"डोळं उघड," अब्बा म्हणाले.

माझे डोळे गच्च मिटलेले होते. मलाच माहीत नव्हतं.

मी उघडायचा प्रयत्न केला. उघडले, की बोकडाचा कान दिसायचा, हलणारा, आणि पुन्हा मिटायचे. अब्बांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग माझ्या मुठीवर हात ठेवून सुरी काढून घेतली. या वेळी कोपर नाही मारलं.

"डोळं मिटून कापलं तर बकऱ्याला तरास हुतो," ते म्हणाले. "एका दमात जायला पायजे त्याचं. बघूनच करावं लागतंय. तू जा, वाघाकडं जा. म्या आनतो."

मी गेलो. पिंजऱ्याकडं पाठ करून पाटावर बसलो आणि लहान मुलासारखी कानात बोटं घातली. पाऊस एवढा होता की काही ऐकू येण्यासारखं नव्हतंच, तरी घातली.

अब्बा मांस घेऊन आले. मी तुकडे केले, औषध भरलं, आत सरकवलं. अब्बा वाघाकडं बघायला लागले तसं मी त्यांना म्हणालो, की त्याच्याकडं बघायचं नसतं, पाठ करायची. अब्बांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता काहीतरी तिरकस ऐकावं लागणार. पण ते मुकाट्यानं माझ्या शेजारी पाटावर बसले. छपरीवरून पाणी पडत होतं. बापलेक दोघंही वाघाकडं पाठ करून ओढ्याकडं बघत बसलो. वेळ गेला. मग मागं हाडावर दात घासल्याचा आवाज आला. अब्बांच्या खांद्यावर शहारा आलेला मी बघितला, पण त्यांनी मान वळवली नाही.

खाण्याचा आवाज चालू असतानाच ते बोलले. "माझ्या बापानं माझ्या हातात सुरी दिली तवा मला इचारलं न्हवतं." सुरी फडक्यात गुंडाळत म्हणाले, "म्हनून म्याबी तुला न्हाई इचारलं. आता इचारतो. पायजे का तुला?"

"न्हाई," मी म्हणालो.

"बरं," अब्बा म्हणाले.

एवढंच. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं जीव मुठीत धरून होतो. 'न्हाई' म्हणायचं आणि समोरचा 'बरं' म्हणणार, हे कुणी आधी सांगितलं असतं तर किती जेवणं गोड लागली असती. मी मोठ्यानं हसलो, मागचा आवाज थांबला, आणि अब्बांनी मला दटावलं, की गप बस, खातंय ते.

वाघ जगला. पाय मात्र डॉक्टरांना काढावा लागला. तीन पायांचा वाघ रानात सोडता येत नाही, म्हणून दसऱ्यानंतर त्याला पुण्याला न्यायचं ठरलं, जिथं असली जनावरं सांभाळत. डॉक्टरांनी तिथल्या साहेबांना सांगितलं, की वाघाबरोबर हा माणूसही घ्या, याच्या पाठीची त्याला सवय आहे. टेम्पोत मी पिंजऱ्यापुढं बसलो, अर्थात पाठ करून. आधी रोजंदारी, मग हंगामी, मग कायम. पुढं हरणं आली, अस्वलं आली, मोर, मगरी, काय काय आलं. सगळ्यांना पाठ चालत नाही. अस्वलाकडं तर चुकूनही करू नये. पण ते सगळं त्या पाटावरून सुरू झालं.

पुढच्या चैत्रात जत्रेला रजा काढून गावी गेलो. जावं की नाही यावर खूप विचार केला होता. देवापुढं बकरं उभं केलं, पाणी शिंपडलं, आणि अब्बांनी सगळ्यांच्या देखत सुरी चुलतभावाच्या हातात दिली. कुणीतरी विचारलंच, "आन् तुमचा पोरगा?"

"तो नोकरीला हाय," अब्बा म्हणाले. "वाघाकडं."

बकरं लगेच थरथरलं. कुणी हसलं नाही. म्हणजे हसले, पण दुसऱ्याच कशावर तरी.

संध्याकाळी मी निघालो तेव्हा अब्बा एसटीपर्यंत आले. त्यांच्या हातात पळसाच्या पानांत बांधलेलं काहीतरी होतं. मला वाटलं अम्मानं भाकरी दिली. हातात घेतल्यावर कळलं, मटण होतं. मुलाण्याचा वाटा होता तो, त्या दिवशी गावानं दिलेला. मी म्हणालो, "अब्बा, मी कुटं काय कापलं?"

"तुला कोन देतंय," अब्बा म्हणाले. "वाघाचा हाय त्यो. तू निस्ता पोचव."

एसटीत कंडक्टरनं पिशवीत काय आहे विचारलं, तर मी जेवण आहे म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना विचारून तो वाटा पिंजऱ्यात सरकवला आणि पाठ करून बसलो. त्यानं आधी पळसाचं पान हुंगलं असावं, कारण पान चुरगळल्याचा आवाज आला. मग खायला लागला.